मोटरहोममधल्या व्हायनलच्या कपाटांना रंग: नखाने निघणारा आणि न निघणारा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. २००६ ची क्लास सी मोटरहोम, म्हणजे आत घरासारखं सगळं असलेली गाडी, सेकंडहँड घेतलीय, आत सगळीकडे तो गडद चेरी रंगाचा, लाकडासारखा दिसणारा पण लाकूड नसलेला व्हायनलचा (प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मचा) प्रकार, अंधारकोठडी वाटते म्हणून पांढरं करायचंय. मिस्टरांनी बाथरूमच्या दारावर घरात उरलेला भिंतीचा लेटेक्स (पाण्याचा रंग) दोन हात मारून बघितला, दिसायला झकास, आणि चार दिवसांनी मुलाने नखाने खरवडला तर दुधावरच्या सायीसारखा अख्खा पापुद्रा निघून आला. आता विचारताय की प्राइमर कुठला घेऊ, घासावं लागेल का, का सगळं व्हायनल सोलूनच टाकू.

एका दमात उत्तर द्यायचं तर सोलू नका, हलकं घासा, बाँडिंग प्राइमर (गुळगुळीत पृष्ठभागाला धरून बसणारा, रंगाआधीचा थर) घ्या आणि धुण्यात कंजुषी करू नका. पण एवढ्यावर थांबलो तर तुम्ही पण बाकीच्यांसारखं प्राइमरचं नाव लिहून घेऊन दुकानात जाल, आणि खरा घोळ प्राइमरचा नसतोच बऱ्याच वेळा.

मी मूळचा कोल्हापूरचा, वडील फर्निचरला पॉलिश करायचे, म्हणजे काचकागद, चपडा, स्पिरिट हे सगळं लहानपणापासून नाकात बसलेलं. इकडे टेक्ससला आलो वेगळ्याच कामासाठी, ते राहिलं बाजूला आणि गेली अकरा वर्षं डॅलसच्या बाहेर जुन्या आरव्ही, म्हणजे तुमच्यासारख्याच गाड्या, आतून नव्या करून देतो. पहिली गाडी माझी स्वतःचीच होती आणि आजवर सगळ्यात वाईट रंगवलेली पण तीच. तिची कथा खाली येईलच.

तर आधी हे डोक्यात घ्या की तुम्ही लाकडावर रंग मारतच नाही आहात. इथल्या बऱ्याचशा आरव्ही इंडियानातल्या एल्कहार्टच्या आसपास बनतात आणि कपाटं बनवताना त्यांच्या डोक्यात पहिली गोष्ट असते वजन. म्हणून बाजूच्या फळ्या म्हणजे लुआन प्लाय, जेमतेम तीन मिलिमीटर, अंगठ्याने दाबली तर वाकेल असली, आणि तिच्यावर लाकडाच्या रेषा छापलेली पातळ फिल्म चिकटवलेली. समोरची चौकट म्हणजे पाइनच्या पट्ट्या, त्यांना तीच फिल्म गिफ्टच्या कागदासारखी गुंडाळलेली. दारांचं मात्र सांगता येत नाही, काही गाड्यांत खरं लाकूड असतं, काहींत एमडीएफवर (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीवर) गरम करून ओढून बसवलेली जाड फिल्म, आणि एकाच गाडीत दोन्हीही बघितलंय मी. शोधायचं कसं, तर दार काढा आणि बिजागरीचा खड्डा बघा, तिथे आतलं अंग उघडं असतं. फळीसाठी फ्रिजच्या मागे किंवा सिंकखाली जिथून वायर नाहीतर पाइप नेलाय त्या भोकाची कड बघा. ब्लेडच्या टोकाने तिथे फिल्म जरा उचला. ताणली जाऊन मग तुटली तर व्हायनल, आणि कागदासारखी फाटून कडेला लव दिसली तर तो कागदच आहे, वरून नुसता व्हायनलसारखा लेप दिलेला. हा फरक लक्षात ठेवा, घासताना लागणार आहे.

आता खरा मुद्दा. या सगळ्या प्रकारात जोड दोन आहेत. एक, तुमचा रंग आणि फिल्म यांच्यातला. दुसरा, ती फिल्म आणि खालची प्लाय यांच्यातला, जो फॅक्टरीत अठरा-वीस वर्षांपूर्वी कुणीतरी गोंद लावून केला. सगळे लोक पहिल्या जोडाच्या मागे लागतात, हा प्राइमर का तो प्राइमर, आणि दुसऱ्याकडे कुणी बघतच नाही. अहो, तुम्ही जगातला सगळ्यात भारी प्राइमर मारलात आणि खालची फिल्मच प्लायला सोडून उभी असेल तर प्राइमर फिल्मला घट्ट धरून ठेवेल आणि दोघं मिळून खाली येतील. उलट रंग वाळताना किंचित आकसतो, त्यामुळे आधीच सैल झालेली कड तो अजून ओढतो. मी दुरुस्तीला आलेल्या गाड्यांत हे इतक्या वेळा बघितलंय की आता मी रंगाचा डबा गाडीत नेण्याआधी नुसतं बोटं फिरवत तासभर घालवतो.

तुम्ही पण तेच करा. टॉर्च घ्या, फळीला लावून तिरपा उजेड मारा, सपाट वाटणाऱ्या फळीवर सुद्धा फुगे आणि लाटा दिसायला लागतील. मग नखाच्या पाठीने टकटक करत जा, चिकटलेली जागा आणि सुटलेली जागा वेगळी वाजते, कलिंगड घेताना वाजवून बघतो तसंच. सगळ्या कडा, सगळे कोपरे, खिडक्यांच्या खालचा भाग, छतावरच्या व्हेंटच्या आसपासची वरची कपाटं, आणि तुमची क्लास सी आहे म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढे आलेला झोपायचा बंक, त्याचा पुढचा कोपरा तर नक्की. या गाड्या तिथे गळतात, ते जवळपास ठरलेलंच. फिल्म सुटलीय आणि खालची प्लाय बोटाने दाबल्यावर मऊ लागतेय, तर ताई रंगाचा विषय तिथेच थांबवा, आधी वर चढून छताचं सीलंट बघा. गळक्या भिंतीवर पांढरा रंग म्हणजे फक्त डाग बघायची सोय.

सुटलेल्या कडा कोरड्या असतील तर परत चिकटवता येतात. लाकडाचा पिवळा-पांढरा गोंद व्हायनलला नीट धरत नाही, त्यासाठी व्हायनलचं सिमेंट मिळतं, मी एचएच-६६ वापरतो, दोन्ही बाजूंना पातळ लावायचं, जरा सुकू द्यायचं, मग दाबून रोलर फिरवायचा. मध्येच फुगा असेल तर रेषांच्या दिशेने ब्लेडने चीर द्या, सिरिंजने चिकट आत सोडा, दाबा, बाहेर आलेलं लगेच पुसा. फुगा तळहातापेक्षा मोठा असेल तर तेवढाच तुकडा कापून काढा आणि खड्डा लांबीने (पुट्टीने) भरून समतल करा.

आणि यावरूनच सोलण्याचं सांगतो. हीट गन लावून व्हायनल सोलताना बघायला फार मजा येते, लांबच लांब पट्टी निघते, असं वाटतं आता सगळी गाडी अशीच करावी. मी माझ्या गाडीच्या वॉर्डरोबची बाजू अशीच सोलायला घेतली. वरचा फूटभर मस्त निघाला, आणि त्याच्या खाली जिथे गोंद अजून ताजातवाना होता तिथे व्हायनलसोबत लुआनचा वरचा पापुद्राही उचकटून आला. म्हणजे तीन मिलिमीटरची प्लाय, तिचे तीनच थर, त्यातला एक गेला. मग लांबी भरा, घासा, परत भरा, परत घासा, एका बाजूला तीन दिवस गेले आणि तिरप्या उजेडात ती अजूनही खरूज झाल्यासारखी दिसते. तेव्हा जे स्वतःहून सुटलंय तेवढंच काढा. जे धरून बसलंय त्याचे उपकार माना.

आता धुणं. हे अर्ध्याहून जास्त काम आहे आणि याचा फोटो कुणी काढत नाही म्हणून लोक टाळतात. मोटरहोम म्हणजे एकाच छोट्या डब्यात स्वयंपाक, आंघोळ, झोप आणि आधीच्या मालकांचं काय काय. स्टोव्हच्या वरच्या कपाटांवर तेलाचा असा चिकटा बसलेला असतो की दिसत नाही, फक्त बोट ओढलं की अडकतं. बाथरूमच्या दारावर हेअर स्प्रे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते चमकवायचे स्प्रे, फर्निचर पॉलिश, डॅशबोर्डचं पॉलिश, लोकांनी वीस वर्षं मायेने मारलेले, त्यातल्या बऱ्याचशांत सिलिकॉन असतं. सिलिकॉनवर रंग बसत नाही, ओल्या रंगात गोल गोल माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात, आणि वरून अजून एक हात मारला की अजून पडतात. तुमच्या मिस्टरांचा रंग निघाला त्यात लेटेक्सचा दोष अर्धा, आणि माझ्या मते उरलेला अर्धा न धुतल्याचा.

क्रम असा ठेवा. आधी कोमट पाणी आणि भांडी घासायचं लिक्विड, फडका पिळून घ्यायचा, ओला गच्च नको कारण उघड्या कडांमधून पाणी आत गेलं की प्लाय आणि एमडीएफ फुगतात आणि फुगलेलं एमडीएफ परत बसत नाही. मग टीएसपी या रंगाआधी धुवायच्या पावडरीच्या जागी जे पर्यायी क्लीनर मिळतात त्यातलं एखादं, स्वयंपाकाच्या भागात दोनदा. मग साध्या पाण्याने दोनदा पुसून काढा, कारण क्लीनरचा तवंग राहिला तर तोही रंगाला धरू देत नाही. कोरडं झाल्यावर शेवटी डिनेचर्ड अल्कोहोल (आपलं पॉलिशचं स्पिरिट), पांढऱ्या सुती फडक्यावर घेऊन, आणि फडका दर फूट-दोन फुटांनी बदलत जा, नाहीतर एका ठिकाणची घाण दुसरीकडे नेऊन पसरवताय नुसती. अॅसिटोन आणि लॅकर थिनर मात्र अजिबात जवळ आणू नका. एका गिऱ्हाइकाने नेलपॉलिश रिमूव्हरने डाग काढायला घेतला आणि डागासकट लाकडाच्या रेषाही फडक्यावर आल्या.

स्वच्छ झालं का हे डोळ्याने कळत नाही, पाण्याने कळतं. स्प्रेच्या बाटलीतून नुसत्या पाण्याचा हलका फवारा मारा. पाणी अळवाच्या पानावर राहतं तसं थेंब थेंब होऊन बसलं तर अजून तेल नाहीतर मेण आहे, परत धुवा. पसरून एकसारखा ओला पडदा झाला तर पुढे चला. हे घासल्यानंतर परत करून बघा, तेव्हा जास्त खरं उत्तर मिळतं, कारण नवंकोरं व्हायनल स्वतःच थोडं पाणी झटकतं.

घासायचं तर हो, पण हात आवरून. २२० नंबरचा काचकागद किंवा लाल-मरून रंगाचं स्कॉच-ब्राइट, मशीन नाही, हातानेच. आपल्याला काही काढायचं नाहीये, फक्त चकाकी मारायची आहे. तिरप्या उजेडात बघत रेषांच्या दिशेने दोन-तीन वेळा फिरवलं की चमक जाऊन खडूचा हात लागल्यासारखं मंद दिसतं, तिथे थांबायचं. भुकटीकडे लक्ष ठेवा, पांढरट येतेय तोवर वरचा पारदर्शक लेप निघतोय, चॉकलेटी यायला लागली म्हणजे छपाईपर्यंत पोचलात, थांबा. कडांवर आणि कोपऱ्यांवर तर एकदाच हलका हात, तिथे फिल्म ताणलेली असते आणि पटकन फाटते. तुमचं कागदवालं निघालं तर काचकागद बाजूला ठेवून फक्त स्कॉच-ब्राइट वापरा, कारण कागद फाटला की पाण्याचा प्राइमर तिथे लागल्या लागल्या लव उभी राहते, मांजराच्या शेपटीसारखी, आणि ती घासली की अजून फाटतं. अशा फाटलेल्या जागेला आधी चपड्याचा एक हात द्यायचा, कडक झाला की मग हलकं घासायचं.

चपडा म्हणजे तोच आपला. मला स्वतःला हे कळलं तेव्हा फार गंमत वाटली होती. इथल्या दुकानात झिन्सरचा बी-आय-एन म्हणून पांढरा प्राइमर मिळतो, डबा उघडला आणि थेट वडिलांच्या कारखान्याचा वास आला, कारण तो आहेच चपडा अल्कोहोलमध्ये विरघळवून त्यात पांढरा रंग घातलेला. लाखेचा किडा झाडावर जी लाख करतो ती, जी आपल्याकडे झारखंडातून येते. डाग दाबायला याच्यासारखं काही नाही. लुआन कुठे उघडी पडली तर पाण्याच्या प्राइमरमधून तिचा तांबूस-गुलाबी डाग वर येतो, पांढऱ्यावर तर लगेच दिसतो, कितीही हात मारा परत येतो. चपड्याचा एक हात आणि विषय संपला. सिगारेटचा वास, जुना पाण्याचा डाग, एमडीएफच्या उघड्या कडा, सगळ्यांना हाच.

मग सगळीकडेच बी-आय-एन का नको? बरेच जण मारतात आणि टिकतोही, चकचकीत पृष्ठभागाला तो चांगलाच धरतो. पण तो वाळतो वीस मिनिटांत, मोठ्या फळीवर ब्रशचा एक पट्टा मारून दुसऱ्याला येईपर्यंत पहिला कोरडा झालेला असतो आणि जोड दिसतात. शिवाय चपडा कडक असतो, ठिसूळपणाकडे झुकणारा, आणि ही फळी तर गाडी खड्ड्यातून गेली की वाकते. म्हणून मी मोठ्या फळ्यांना आणि चौकटीला बाँडिंग प्राइमर वापरतो, इन्सल-एक्सचा स्टिक्स, पाण्याचा आहे, युरेथेन-अॅक्रिलिक जातीचा, पीव्हीसी, काच, टाइल असल्या नाठाळ पृष्ठभागांसाठीच बनवलेला. तीन-चार तासांत दुसरा हात मारता येतो, पण पूर्ण पकड यायला तीन-चार दिवस जातात. हे तीन-चार दिवस लोक देत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी नख लावून बघतात, निघतं, आणि मग सगळीकडे सांगत सुटतात की प्राइमर बेकार आहे.

ऑइलचा प्राइमर किंवा ऑइल पेंट घेऊ का, असं कुणीतरी तुम्हाला सुचवेलच. नको. मऊ व्हायनलमध्ये ते मऊ ठेवायला तेलासारखं द्रव्य घातलेलं असतं, ते हळूहळू वर येत राहतं आणि ऑइल पेंटमध्ये मिसळलं की पेंट पूर्ण वाळतच नाही. माझ्याकडे एक गाडी अशी आली होती, रंग मारून दोन महिने झालेले आणि कपाटाला हात लावला की बोटांचे ठसे उठत होते.

सगळी गाडी रंगवायच्या आधी एक चाचणी करा, प्लीज, ही टाळू नका. एखाद्या खालच्या दाराची आतली बाजू घ्या, धुणं, घासणं, प्राइमर, रंग सगळं साग्रसंगीत करा आणि आठवडाभर हात लावू नका. मग नव्या ब्लेडने रंगातून फुलीचा काप द्या, खाली फिल्मपर्यंत, त्यावर चांगली चिकटपट्टी दाबून बसवा, खोडरबरने वरून घासा, दीड मिनिट थांबा आणि झटक्यात उलटी ओढा. फुलीच्या टोकांशी चिमूटभर निघालं तर चालेल. पट्टीवर रंगाचा तुकडा आला तर त्याची मागची बाजू बघा, इथे सगळं कळतं. मागे नुसता प्राइमर दिसला आणि दारावर फिल्म तशीच आहे, तर धुण्यात किंवा घासण्यात कमी पडलात. मागे लाकडाच्या रेषांची छपाई चिकटून आली, तर प्राइमरने त्याचं काम केलंय, तुमची फिल्म सुटतेय, आणि त्याला कुठलाही डबा उपयोगाचा नाही.

आता वरचा रंग, आणि माझ्या पहिल्या गाडीची गोष्ट. मी शहाणा, भिंतीचा चांगला महाग लेटेक्स आणला, प्राइमर पण चांगला मारला होता, एप्रिलमध्ये काम संपलं, मे-जूनमध्ये फिरून आलो, सगळं मस्त. जुलैमध्ये गाडी उघड्यावर पार्क केली आणि ऑगस्टच्या शेवटी उघडली. इथल्या ऑगस्टमध्ये बंद गाडीत आत १२० डिग्री फॅरनहाइट सहज होतं, म्हणजे जवळपास पन्नास सेल्सिअस. वरची दारं उघडायला गेलो तर उघडेनात. दाराचा रंग आणि चौकटीचा रंग एकमेकांना चिकटून एक झाले होते. ओढलं तर चर्र आवाज आला आणि चौकटीवर दाराच्या मापाची पट्टीच्या पट्टी उघडी पडली. साधा लेटेक्स वाळला तरी गरम झाल्यावर मऊ पडतो आणि रंगाला रंग लागला की चिकटतो. घराच्या भिंतीला हा प्रश्न येत नाही कारण भिंत भिंतीवर आपटत नाही.

म्हणून कपाटाचा म्हणूनच विकतात तो रंग घ्या, ज्यात युरेथेन आहे. इन्सल-एक्सचा कॅबिनेट कोट, शेर्विन-विल्यम्सचा एमराल्ड युरेथेन ट्रिम, असे. बेंजामिन मूरचा अॅडव्हान्स पण छान पसरतो, ब्रशच्या खुणा जवळपास दिसत नाहीत, पण दोन हातांच्या मध्ये सोळा तास थांबावं लागतं आणि पांढरा रंग बंद अंधाऱ्या जागी जरासा पिवळसर होतो. माझा कल कॅबिनेट कोटकडे. चॉक पेंट आणि वर मेण हा प्रकार फोटोत गोड दिसतो, पण उन्हात तापणाऱ्या गाडीत मेण म्हणजे काय होणार ते तुम्हीच सांगा. चकाकी सॅटिन ठेवा, ग्लॉसमध्ये प्लायच्या सगळ्या लाटा दिसतात आणि मॅटवर हळदीचा हात लागला की संपलं.

किती लागेल विचारलं होतं, तर एका क्वार्टमध्ये (साधारण एक लिटर, चार क्वार्टचा एक गॅलन) साधारण ऐंशी ते शंभर चौरस फूट एक हात होतो. मोजून बघा, तुमच्या साइझच्या गाडीला प्राइमरचे दोन क्वार्ट आणि रंगाचा एक गॅलन पुरून उरावा.

मारण्याबद्दल फार लिहीत नाही. चार इंची बारीक रोलर आणि कोपऱ्यांसाठी चांगला ब्रश, पातळ हात, एक जाड हात म्हणजे ओघळ. प्राइमरचे एक किंवा दोन, रंगाचे दोन, मध्ये ३२० ने अगदी हलकं फिरवून पुसून घ्या. दारं काढून आडवी ठेवून रंगवा, आणि काढताना बिजागरीच्या खड्ड्यात मास्किंग टेपवर नंबर लिहून ठेवा, सगळी दारं सारखी दिसतात पण एकही दुसऱ्याच्या जागी बसत नाही हे रात्री अकरा वाजता कळलं की कसं वाटतं ते मला विचारा. स्क्रू परत लावताना ड्रिलमशीन नको, पाइनच्या पट्टीतलं भोक आधीच ढिलं झालेलं असतं. ढिलं असेल तर टूथपिक गोंदात बुडवून भोकात घालून तोडा, मग हाताने स्क्रू. आणि कपाटाच्या त्या कड्या, ज्या चालत्या गाडीत दार बंद ठेवतात, त्यांच्यावर रंग चढू देऊ नका. रंगाच्या जाडीने दार नीट बसलं नाही आणि कडी अर्धवट लागली, की पहिल्या वळणावर ताटल्या खाली.

गाडी हलते हे जोडांच्या बाबतीत पण लक्षात ठेवा. जिथे फळी आणि चौकट मिळते त्या फटीवरून रंगाचा पडदा सलग गेला तर पहिल्या दोनशे मैलांत तिथे केसासारखी वाकडीतिकडी चीर पडते आणि तिथूनच पोपडे सुटायला सुरुवात होते. फट बारीक असेल तर रंग जरा सुकला की ब्लेडने जोडावरून सरळ काप देऊन दोन्ही भाग सुटे करा, नंतर चीर पडली तरी सरळ पडेल, दिसणार नाही. मोठ्या फटींना रंग चढणारं लवचिक कॉक (फटी भरायची पेस्ट), तेही प्राइमरनंतर. शुद्ध सिलिकॉनचं चुकूनही नको, वर रंग बसत नाही.

हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं पण आता लिहितो. काम सुरू करायच्या आधी प्रोपेन टाकीवरूनच बंद करा. स्टोव्ह बंद आहे एवढं पुरत नाही, तुमचा फ्रिज गॅसवर चालणारा असेल तर त्याच्या मागे ज्योत असते, वॉटर हीटरमध्ये असते, आणि बी-आय-एन आणि डिनेचर्ड अल्कोहोल दोन्हींची वाफ पेट घेते. खिडक्या, व्हेंट उघडे, पंखा बाहेर हवा फेकेल असा, आणि नुसता कापडी मास्क नाही तर ऑरगॅनिक व्हेपरच्या कार्ट्रिजवाला, म्हणजे अशी वाफ गाळणारा. जमिनीजवळचा गॅसचा अलार्म या वाफेने बोंबलायला लागेल, माझा दर वेळी बोंबलतो. घाबरू नका, पण त्याची वायर काढून विसरून पण जाऊ नका.

काय रंगवू नये ते पण सांगतो. कपाटांच्या आतून रंगवू नका, दिसत नाही आणि डबे घासून निघतो. ड्रॉवरच्या बाजू, सरकत्या कडा सोडा. गॅस फ्रिजच्या दारातली ती लाकडासारखी पातळ पाटी बऱ्याच मॉडेलमध्ये चौकटीतून सरकवून बाहेर निघते, काढून वेगळी रंगवा. छताला मऊ गादीसारखं व्हायनल असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. आणि खरं सांगू, आधी दिवे बदलून बघा. जुने बारा व्होल्टचे पिवळे बल्ब काढून चांगले एलईडी लावले की चेरी रंग पण निम्मा बरा दिसतो. मी दोन गिऱ्हाइकांना असं सांगून माझंच काम घालवलंय. अगदीच पांढरं हवं असेल तर फक्त वरची कपाटं पांढरी करा आणि खालची तशीच ठेवा, खाली बूट आणि मुलांचे पाय लागतातच.

रंग वाळणं आणि मुरणं यात लोणच्याइतका फरक आहे. संध्याकाळी हाताला लागत नाही म्हणजे वाळला. मुरायला महिना लागतो. दारं लावलीत तरी पहिला महिनाभर दार आणि चौकटीमध्ये मेणकागदाच्या पट्ट्या ठेवा, नंतर कोपऱ्यांना छोटे सिलिकॉनचे ठिपके चिकटवा म्हणजे रंग रंगाला टेकणार नाही. पुसायला ओला मऊ फडका, क्लीनर नको. उन्हात बंद करून ठेवणार असाल तर महिनाभर थांबा, किंवा व्हेंट थोडं उघडं ठेवा.

राहिलं ते बाथरूमचं दार. त्यावर वरून काही मारू नका, तो रंग काढावाच लागेल. कोमट साबणाच्या पाण्याचा फडका पंधरा मिनिटं लावून ठेवा आणि प्लॅस्टिकच्या खरवडणीने एका कोपऱ्यातून उचला, धरलेलंच नाहीये त्यामुळे भराभर निघेल, जिथे अडेल तिथे अल्कोहोल लावून मऊ करा. धातूची पटाशी नको, फिल्म फाटेल. नाहीतर मुलालाच द्या काम, सुरुवात त्यानेच केलीय.